सांगून आलेला दचका

—न्हाय न्हाय, आधी ते पुसून घ्या. चहा गरम व्हता, मांडीवर सांडलाय, उगं फोड यायचा. ह्ये घ्या माझं उपरणं, घ्या हो, नवं हाय, आज सकाळीच घरच्यांनी पेटीतनं काढून दिलंय. आन् लाजू नका. एवढा बाप्या माणूस फोनातल्या बाईला दचकला म्हणून कोण हसंल? हसणाऱ्यानं एकदा ती बाई बघावी. म्या बघितली की इथनं, शेजारी बसल्या-बसल्या—मोकळे केस सोडलेली, कपाटातनं आली. मला ठाऊक व्हतं ती येणार. कसं ठाऊक? तुमच्या कानात ती बोंडं हाईत, मला काय आवाज ऐकू आला न्हाय, पर ती पोरगी कपाटापाशी गेली, थांबली, दार उघडलं, आत काहीच न्हवतं, तिनं हुश्श केलं—तवाच म्या मनात म्हणलं, पाव्हण्यांनी आता कप खाली ठेवावा. सांगणारच व्हतो. पर वळख ना पाळख, कसं सांगायचं? अनोळखी म्हाताऱ्यानं एकदम हात धरला असता तर बाईच्या आधी मलाच दचकला असता तुम्ही.

बसा की. उमरग्याच्या बसला येळ हाय अजून, आन् आली तरी हितं जळकोटात घटकाभर थांबतीच. मलाबी गाडी यायचीय. बस न्हाय, जीप. आमच्या भावकीतला सिदू हाय, त्यो आणतोय. सोलापूरला जायचंय म्हणं, दवाखान्यात. युवराजची आई तिथं हाय—युवराज म्हंजी आमचा ल्योक, एकुलता, आन् त्याची आई म्हंजी—आता तुमाला काय फोडून सांगायचं, आमचंच घरचं माणूस. तिला बघायला जायचंय. म्हणं. व्हय, लई दिस झाले तिला तिथं नेऊन. बरी हाय म्हणत्यात. रोजच बरी हाय म्हणत्यात. ते जाऊ द्या. तुम्ही आपला पिच्चर बघा... का, बंद केला? म्हंजी आता बाई नजरंम्होरनं जायची न्हाय तुमच्या, अर्धा सोडलेला पिच्चर लई वंगाळ, त्यातली बाई मग आपल्या मागं येती. ह्ये म्या न्हाय म्हणत, आमची शिवांजली म्हणती.

शिवांजली म्हंजी युवराजची पोरगी. औंदा धाव्वीला हाय. तिला ह्योच नाद—भुताचा पिच्चर म्हणलं की जेवण सोडंल. आन् भित्री किती? दिवसाढवळ्या परसात एकटी जायची न्हाय. म्या एकदा इचारलं, बाई, भ्या वाटतंय तर बघतीस कशाला? तर म्हणती, आबा, भ्या आवडतंय मला, दचका आवडत न्हाय. बगा आता! भ्या येगळं आन् दचका येगळा—म्या सत्तरी वलांडली, तरी मला कुणी सांगितलं न्हवतं ह्ये. म्हणती, भ्या कसं चुलीवरच्या पाण्यावानी हळूहळू तापतंय, अंगाला सोसतं; दचका म्हंजी तेच पाणी एकदम अंगावर. मग तिनंच तोड काढली. फोनात म्हणं कुणी-कुणी लिहून ठिवलेलं असतंय—कुठल्या पिच्चरमधी, कुठल्या मिनिटाला, केवढा दचका. आधीच्यानं बघायचं, दचकायचं, आन् मागनं येणाऱ्यासाठी लिहून ठिवायचं, की बाबा हितं खड्डा हाय, जपून पाय टाक. मला तर लई पटलं ते. कुठल्या मुलखातली माणसं, त्यांना काय पडलंय आमच्या शिवांजलीचं? तरी सांगून ठिवत्यात. आन् आपल्या घरातली, रक्ताची—जाऊ द्या.

तर ती आधी ते सगळं वाचून घेती, मग पिच्चर लावती, आन् मला शेजारी बसवती. आईनं बंदी केलीय ना तिला, म्हणून मग दुपारच्याला माझ्या बाजंवर, दार लोटून. माझा हात हातात धरायचा. बारका दचका असला—मांजरानं उडी मारली, दार आपटलं—तर एकदा दाबायचा. मोठा असला, की दोनदा. दाबला की डोळे मिटायचे न्हाईत. म्या पहिल्यांदा मिटले तर भांडली माझ्याशी. आबा, मिटले तर मग सांगितलं कशाला? उघडेच ठिवायचे, नुसतं अंग ढिलं सोडायचं. म्या सोडतो. दचका बसतोच हां पाव्हणं, सांगून आला म्हणून काय बसायचा ऱ्हात न्हाय. पर पाडत न्हाय त्यो. पाय रवून उभारलेल्याला बैलानं ढुशी मारावी तसं—हलतो माणूस, पर उताणा पडत न्हाय. आन् अजून एक शिकवलं तिनं. पिच्चरमधी मागं सारखं काही ना काही वाजत असतंय, वारं म्हणा, रातकिडं म्हणा, बारीक बाजा म्हणा, आपल्याला कळतबी न्हाय ते वाजायलंय म्हणून. ते वाजायचं एकदम बंद झालं, की आबा, आलं समजायचं. म्या म्हणलं, लिहून ठिवलेलं नसलं तरी? म्हणती, नसलं तरी.

मला चालतंय का असलं बघायला? बरोबर इचारलंत. न्हाय चालत. छातीत तार घातलीय माझ्या, गेल्या साली. डॉक्टर भला माणूस, निघताना युवराजला बाजूला घेऊन म्हणला, ह्यांना धक्का बसंल असं काही एकदम सांगू नका. म्या ऐकलं माझ्या कानानं—एकदम सांगू नका. आन् आमच्या युवराजनं काय ऐकलं? सांगूच नका. झालं. त्या दिसापास्नं घरात माझ्याशी कुणी खरं बोलंना. वाईट न्हाईत हां ती, मायेनं करत्यात, मायेनंच. टीव्हीवर बातम्या लागल्या की बंद. पाऊस लांबला तरी "पडायलाय की तात्या, तिकडं खालच्या अंगाला." आमची चांदी गाय व्हती, माझ्या हातावर वाढलेली, हाक मारली की बांधावरनं मान वळवायची. ती दिसंना. म्या इचारलं तर म्हणले बार्शीच्या पाव्हण्यांनी नेली, त्यांच्यात बाळाला दूध पायजे व्हतं. म्या म्हणलं बरं केलं, लेकराच्या मुखात गेलं. मग एक दिस रानात गेलो, तर लिंबाखाली नवी माती वर आलेली, आन् दोन कुत्री हुंगत्यात. तिथं उभा ऱ्हायलो एकटाच. हात दाबायला कुणी न्हाय. आन् मेलो का तवा? न्हाय मेलो. कुत्री हाकलली, दगडं आणून ठिवली मातीवर, आलो घरी. संध्याकाळी युवराज आला, म्या म्हणलं, "चांदी दूध देती का रं त्यांच्यात?" तर म्हणतो, "देती की तात्या, लई खुशीत हाय." म्या म्हणलं, बरं.

आता ह्यात हसू येण्यासारखं काय हाय सांगू का? ज्याला ही कला दाखवायलेत ना, त्याची सारी जिंदगी ह्याच कामात गेलीय. मला शाळा न्हाय, सही येत न्हाय, पर गावात कुणाचं बरं-वाईट झालं की पाव्हण्यारावळ्यांकडं खबर घेऊन मलाच धाडायचे. महारुद्राला धाडा, त्यो हळू बोलतो. फोन न्हवते तवा. परंड्यापतोर गेलोय, मुरुमला तर कैक येळा. कसं करायचं? दारात चपला नीट काढायच्या. ओट्यावर टेकायचं. पाणी मागायचं. घोटभर पिऊन मग बैलांचं इचारायचं, लेकरांचं इचारायचं, आन् मग म्हणायचं, जरा कमी-जास्त झालंय, चला. मेलं असं म्हणायचं न्हाय. तिकडं लाकडं रचून झाली असली तरी म्हणायचं, जरा जास्त झालंय. आन् ऐकणाऱ्याला कळतंय. कळतंयच. तुम्ही म्हणाल, मग हेबी खोटंच. न्हाय पाव्हणं. ते हात दाबणं व्हतं. तिथनं आमच्या गावापतोर जी काय वाट असंल, बसची, बैलगाडीची, पायाखालची, तेवढ्या वाटंत माणूस अंग ढिलं सोडायचा. आन् वेशीच्या अलीकडं म्या थांबायचो. तिथं सांगायचोच, सरळ, नाव घेऊन. सांगितल्याबिगर एकाबी माणसाला वेशीतनं आत नेलं न्हाय म्या. ही दुसरी अर्धी कला हाय, ती कुणी शिकलं न्हाय. पहिली अर्धी सगळ्यांनी उचलली.

पुढं पुढं तर माझं पाणी मागणं हीच खबर झाली. एकदा काय झालं, मुरुमच्या बाजाराला गेलतो, ऊन मरणाचं, खरंच तहान लागली. आमची एक चुलतमेहुणी व्हती तिथं, सिताबाई. तिच्या ओट्यावर टेकलो आन् म्हणलं, सिताबाई, जरा पाणी द्या. तर बाईनं तांब्याच टाकला हातातनं आन् हंबरडा फोडला—"कोण गेलं वो! माझा भाऊ गेला का वो!" शेजारपाजार गोळा. म्या म्हणतोय, आवं कुणी गेलं न्हाय, मला तहान लागलीय, म्या मिरच्या घ्यायला आलोय. कोण ऐकतंय? उलट बाया म्हणायलेत, बघा बिचारा कसं हळूहळू सांगतोय. तेवढ्यात तिचा भाऊच मागनं पिशवी घेऊन आला, माझ्याबरोबरच बाजाराला आलता त्यो, तवा कुठं गप झाली. आन् मग पाणी न्हाय मिळालं मला. शिव्या मिळाल्या, भावालाबी आन् मलाबी.

हसा, हसा. युवराजची आई तर ह्ये सांगून-सांगून लोळायची हसून. तिला माझं ह्ये सावकाशपण कधी पटलंच न्हाय. तिचं सगळं सपासप. म्हणायची, "तुमचं बोलणं म्हंजी नुसतं पीठ मळणं. भाकरी कवा थापणार?" तिची आई गेली तवा खबर पहिली माझ्याकडं आली. म्या रानातनं घरी आलो, चपला काढल्या, ओट्यावर टेकलो, पाणी मागितलं. सवय व्हती, दुसरं काय. ती तांब्या घेऊन आली, पर माझ्या हातात दीना. तशीच उभी. म्हणली, "माझी आई गेली न्हवं?" म्या म्हणलं, जरा जास्त— "गेली न्हवं? मग पाणी कशाला पिताय? उठा." आन् निघालीच, पदर खोचून, माझ्या म्होरं. साऱ्या वाटंत रडली न्हाय, तिथं जाऊन रडली. असली बाई. तिला लपवाछपवी चालत न्हाय. तिला सरळ पायजे, तोंडावर. आन् तिलाच—

सांगतो. सांगायचं न्हवतं, पर तुम्ही काय आमच्या गावचे न्हाईत, उमरग्याला उतरलात की इसरून जाल. तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं तवा म्याबी पिशवी घेऊन निघालो. युवराज म्हणला, तात्या, तुम्ही नका, तुमाला ते बघवायचं न्हाय, चार दिसात आणतो आईला. ल्योक आन् सून दोघं गेली, शिवांजलीला माझ्यापाशी ठिवली. चार दिसाचे मग किती झाले त्याला गणतीच न्हाय. रोज म्या म्हणायचो, येतो. रोज उत्तर—उद्या. आत कुणाला सोडत न्हाईत, तात्या. मग एक दिस शिवांजली आजीशी बोलत व्हती, तोंड दिसतंय ना फोनात तसल्यावर. तिकडं युवराजनं धरला व्हता फोन. म्या हिकडं बाजंवर, पोरीच्या अगदी खेटून, पर फोनात माझं तोंड दिसत न्हवतं. आजीचा आवाज आला. लई बारीक झालता आवाज. म्हणली, "तुझा आबा कवा येणार गं?" आन् पोरीनं तोंड उघडायच्या आत तिकडनं युवराज म्हणतो, "तात्याला ताप आलाय आई, उतरला की येणारेत." ताप! हात लावून बघा माझ्या अंगाला. सारी जिंदगी मला ताप ठाऊक न्हाय. म्हंजी मला सांगायलेत आत सोडत न्हाईत, आन् तिला सांगायलेत मला ताप हाय. दोघांनाबी धक्का नको म्हणून! बोलायला गेलो म्या, तर पोरीनं माझ्याकडं बघितलं, तिचे डोळे भरलेले, आन् तवर तिकडनं तिची आजीच बोलली. काय बोलली ठाऊक हाय?

म्हणली, "त्यांना म्हणावं, पाणी पिऊन या."

एवढंच. युवराजला वाटलं आई बरळायलीय, त्यानं फोन बंद केला. शिवांजलीलाबी कळलं न्हाय. मला कळलं. तिनं वळखलं व्हतं पाव्हणं, कुणीतरी आपल्यासाठी पीठ मळायलंय म्हणून. आन् तिला वाटलं, मळणारा म्याच. तिला वाटलं, मला सगळं ठाऊक हाय, आन् म्या बसलोय गावात ओट्यावर, सावकाश पाणी पीत.

दुसऱ्याच दिशी आलो इथं. ह्याच बाकड्यावर बसलो, सोलापूरची बस धरायला. बस आलीबी. पायरीवर पाय ठिवला तवर मागनं कृष्णराज, पुतण्या माझा, मोटरसायकल घेऊन—"तात्या, कुठं निघालात? युवराजदादा मला फाडून खाईल." मायेनंच हां. बखोटीला धरलं आन् मागं बसवलं. बस निघून गेली. हाटेलवाल्यालाबी सांगून ठिवलं तवापास्नं, म्हातारा दिसला की फोन कर. म्हणून तर मघा चहा ठिवताना माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय त्यानं. का आज दुसऱ्याच कारणानं बघितलं न्हाय, ते त्यालाच ठाऊक.

आज? आज सकाळी जाग आली, आन् बाजंवर पडल्या-पडल्या मला काहीतरी चुकल्यावानी वाटाय लागलं. काय चुकलंय ते ध्यानात यीना. कावळे व्हते, ट्रॅक्टर गेला एक, म्हंजी कान बरे हाईत. मग ध्यानात आलं. शिट्ट्या न्हाईत. आमच्या आळीत सकाळी कुकरच्या शिट्ट्या असत्यात हो, सगळ्यात आधी सखूबाईच्या घरातनं, मग पलीकडच्या वाड्यातनं, मग समोरनं, रोजचंच, कान ध्यानबी दीत न्हाय तिकडं. आज एक शिट्टी न्हाय. एकाबी घरातनं न्हाय. तुमच्याकडं काय करत्यात मला ठाऊक न्हाय, आमच्यात भावकीत मयत झाली की माती होईस्तवर कुणाच्या घरात चूल पेटत न्हाय. आता चुली न्हाईत, शेगड्या हाईत, पर त्याबी पेटत न्हाईत. तर तसं. बाजा बंद झाला, पाव्हणं. म्या पडल्या जागी अंग ढिलं सोडलं.

मग कृष्णराज आला. "तात्या, उठा, काकूला जरा जास्त झालंय, तुमाला भेटायचं म्हणत्यात. जळकोटला सोडतो, सिदू गाडी घेऊन येतोय." एवढे दिस आत सोडत न्हवते, आन् आज दारात गाडी. धोतर काढून दिलं, हे उपरणं दिलं. चहा न्हाय केला कुणी. सखूबाई दारात उभी व्हती, रोज "तात्या, झाला का चहा" म्हणून इचारती, आज माझ्याकडं बघितलं आन् आत गेली. शिवांजली आली. तिला बापानं फोनवर बजावलेलं असणार, आबापाशी एक शब्द काढायचा न्हाय. काढला न्हाय पोरीनं. पाया पडली. हात धरला माझा. आन् दाबला. एकदा... आन् मग अजून एकदा. आन् मग सोडंचना. कृष्णराज म्हणतोय, सोड की गं, आबा काय परगावी चाललेत का. सोडंना. म्याच सोडवून घेतला.

तर असं हाय. साऱ्या गावात एका लेकरानं मला सांगितलं, तेबी तोंड न उघडता. बाकीचे सगळे माझ्या छातीला जपायलेत.

आन् सोलापूरला कशाचं नेत्यात? मला घरातनं काढलंय नुसतं. तिकडं लाकडं यायची, माणसं जमायची, अंगणात ते सगळं मांडायचं, ते तात्याला दिसू नये. सिदू मला जीपमधी घालंल, नळदुर्गाच्या अलीकडं कुठंतरी थांबंल, त्याला फोन यील, मग म्हणंल, तात्या, माघारी फिरू, काकूला घरीच आणायलेत. म्या मनात त्याची सारी वाट चालून आलोय. एवढी वर्सं चाललोय की ती. मघापास्नं तुमाला वाटत असंल, म्हातारा भलताच बडबड्या हाय. न्हाय ओ. म्या एकदा शिवांजलीला इचारलं व्हतं, हात दाबल्यावर आन् बाई यायच्या आधी जी घडी असती ना, ती लई वाईट, तिच्यात काय करायचं? तर म्हणली, आबा, काहीबी बोलत ऱ्हायचं. म्हणून बोलायलोय. तुम्ही शेजारी गावलात.

थांबा. ती गाडी बगा. नळदुर्गाकडनं येतीय ती, पांढरी. दवाखान्याचीच हाय न्हवं? वरचा दिवा बंद. भोंगा बंद. माझी लांबची नजर अधू हाय, तुम्हीच बगा, डायवरच्या शेजारी कोण हाय, निळ्या शर्टातला, मोठ्या कपाळाचा? रडायलाय? ... व्हय. युवराज. वळली का? आमच्या वाटंला वळली. किती हळू चाललीय. न्हाय, मला धरू नका, बसा तुम्ही. पडत न्हाय म्या. सांगून आलीय ती.

आन् ह्यो आला सिदू. लावली जीप. आता बगा हां, माझ्याकडं बघायचा न्हाय. बगा, न्हाईच बघितलं. हाटेलात शिरला. काय मागितलं? ऐकलंत?

पाणी मागितलं.

ये सिदू, ये. बस माझ्यापाशी. पी, सावकाश पी, सांडतंय अंगावर. बैलं बरी हाईत का रं? लेकरं? ... हां. काय म्हणतोस, काकूला जरा जास्त झालंय? बरं. सोलापूरला जायचं? बरं बाबा. म्या काय म्हणतो, जीप गावाकडं वळव. वळव म्हणतोय ना. तुला कुणी बोलणार न्हाय, माझं नाव सांग. आरं, तुझ्या म्होरनंच गेली की ती गाडी, आन् तू मला उलट्या वाटंनं कुठं नेतोस? रडू नको. पाणी पिऊन घे नीट. माणसाला सांगितल्याबिगर वेशीच्या आत नेत न्हाईत, सिदू, ही रीत हाय, आन् तुला तर कुणी सांगायलाच शिकवलं न्हाय, तू तरी काय करशील. म्हणून म्याच सांगतो. धीर धर. धुरपदा गेली. आपली धुरपदा गेली, सिदू.

चल. आन् युवराजला फोन लाव. म्हणावं, म्या यीस्तवर तिला उचलू नका. आन् एवढं इचार त्याला—तिला शेवटचं काय सांगितलं रं? माझा ताप उतरला म्हणला, का न्हाय?

न्हाय पाव्हणं, तुम्ही उठू नका. काही बोलूबी नका. उपरणं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. बोंडं घाला कानात.